बोर्डवर किलकॉनकुहार, तोंडात किनुखर

बोर्डवरचं नाव वाचा बरं. कि-ल-कॉ-न-कु-हा-र. असंच ना? आता इथल्याच एखाद्या म्हाताऱ्या आजींना विचारा, त्या म्हणतील "किनुखर". गाव तेच, स्कॉटलंडच्या फाइफमधलं. जवळच समुद्रकाठी ॲन्स्ट्रदर आहे, त्याचं लोकांच्या तोंडी एन्स्टर होतं.

आता १८५१ सालच्या ग्लासगोत चला. जनगणनेचा माणूस दारात उभा आहे, घरातली बाई फाइफहून आलेली, तिला लिहिता येत नाही असं धरून चाला, म्हणजे फॉर्म यानेच भरायचा. स्कॉटलंडमध्ये त्या वर्षी जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे पडलेला गावभाग, विचारत होते. ती म्हणाली किनुखर, आणि याने ते गाव कधी पाहिलेलं नसेल तर कानाला जे लागलं ते लिहिणार, किनोकर, किनुकर, काहीही. त्यातला तो घसा खरवडून येणारा ख, 'लोख'मधला (लोख म्हणजे स्कॉटिश तळं), तो बाहेरच्या माणसाच्या हातून हमखास क होतो. आज तिची पणती घराण्याचा शोध घेताना जुन्या जनगणनेच्या ऑनलाइन सर्चमध्ये बोर्डवरचं स्पेलिंग टाकते आणि निकाल शून्य.

उलटंही होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की आपण "स्ट्रेव्हन"चे. नकाशावर शोधून डोळे दुखतील, कारण तिथे लिहिलंय स्ट्रॅथेव्हन, लॅनार्कशायरमध्ये. आणि ग्लासगोजवळचं मिल्नगेव्ही म्हणजे "मलगाय". आपली गाय नव्हे हो, पण उच्चार अगदी तोच!

झेडची भानगड तर भारीच आहे. जुन्या स्कॉट्स भाषेत योख नावाचं एक अक्षर होतं, साधारण य किंवा ग्यसारखा आवाज. छापखान्यात त्याचा खिळा नव्हता, दिसायला जवळचा म्हणून झेड बसवला, आणि तो बसला तो बसलाच. एअरशायरमधला कलझीन दिसणारा किल्ला म्हणून "कलेन", मेंझिस आडनाव "मिंगिस", डॅलझील तर चक्क "डी-एल". त्यामुळे कागदावर झेड दिसला की आधी तो झाकून वाचायचा, मला तरी हीच युक्ती सगळ्यात कामाची वाटते.

दुसरी युक्ती म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याची, नेम बुक्स. एकोणिसाव्या शतकात नकाशे करताना सर्व्हेवाले गावात फिरून पाद्री, शाळामास्तर, जमीनदार यांना विचारायचे, नाव कसं लिहिता? पानावर एका रकान्यात सगळी स्पेलिंगं एकाखाली एक, शेजारी ती कुणी सांगितली त्यांची नावं. स्कॅन केलेली पानं ऑनलाइन फुकट बघता येतात.

तर पणतीने काय करायचं? टाइप करायच्या आधी नाव मोठ्याने म्हणायचं, मग ऐकणाऱ्याने काय काय लिहिलं असेल ते एकेक टाकत जायचं. किनुकर. किनोकर. किनेहर. आणि मग, के ऐवजी सी.