टाकी जुनी, कोअर नवा: जुन्या मोटारीचा रेडिएटर

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अनेक वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा विलिज जीप ताडपत्रीखाली जपून ठेवलेली दिसते. गाडी चालू असते, परंतु चढाला लागले की तापमानाचा काटा वर सरकतो, म्हणून मालक तिला घाटात न्यायला धजत नाही. अशा वेळी बहुधा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे जुना रेडिएटर मोडीत काढून अ‍ॅल्युमिनियमचा नवा बसवण्याचा. माझे मत याच्या विरुद्ध आहे. जुनी पितळी टाकी ठेवावी, तिच्यात अधिक क्षमतेचा नवा कोअर, म्हणजे पाणी गार करणारा मधला नळ्यांचा भाग, बसवावा, आणि हे सगळे करण्याआधी इंजिनातून पाणी फिरते ती पूर्ण वाट तपासावी.

जुन्या रेडिएटरला वर एक आणि खाली एक अशा दोन टाक्या असतात, त्यांच्यामध्ये चपट्या नळ्यांचा आणि तांब्याच्या पातळ पत्र्यांचा कोअर असतो, आणि हे सर्व डाख देऊन जोडलेले असते. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातल्यामुळे नळ्यांत क्षार साठतो. तो थोडा असेल तर टाक्या उघडून सळईने नळ्या साफ करता येतात. क्षार फार साठला असेल तर मात्र कोअर बदलावा, आणि बदलायचाच असेल तर नळ्यांच्या दोन ओळींच्या जागी तीन ओळींचा घ्यावा. चौथ्या ओळीचा मोह टाळावा, कारण कोअर फार जाड झाला की त्यातून हवा नीट जात नाही आणि पंख्याशी असलेले अंतरही कमी होते.

आता एक हकिकत सविस्तर सांगतो, कारण या विषयातील बहुतेक सगळे तिच्यात आले आहे.

वाईला माझ्या मामांकडे 1967 सालची फियाट 1100 होती. ती कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केली आणि त्यांचेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्यामुळे या गाडीविषयी सांगलीकरांना आपलेपणा वाटला तर ते स्वाभाविकच आहे. मामांच्या धाकट्या मुलीचे लग्न पाचगणीला ठरले आणि नवरीने याच गाडीतून मांडवात उतरावे, असा मामींनी आग्रह धरला. सपाटीवर ही गाडी साताऱ्यापर्यंत काहीही कुरकुर न करता जात असे, पण पसरणी घाटात अर्ध्यावर पोहोचली की झाकणाखालून वाफ येऊ लागे. एका गॅरेजमध्ये मामांना अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर सुचवण्यात आला. मामांनी तो नाकारला आणि साताऱ्यातील एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. हे मिस्त्री तांबटाच्या घराण्यातले, आणि डाख देण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांनी टाक्या सोडवून आम्हाला आतल्या नळ्या दाखवल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या क्षाराने बुजलेली होती. त्यांनी त्याच टाक्यांमध्ये तीन ओळींचा कोअर बसवला, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा भरली, कोठे बुडबुडा येत नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच तो गाडीला जोडला.

तरीही घाटात गाडी तापली. पूर्वीपेक्षा बरीच वर जाऊन तापली, पण तापलीच. नवाच रेडिएटर घ्यायला हवा होता, असे घरातील सर्वजण म्हणू लागले. मिस्त्रींनी गाडी परत मागवली, इंजिन पुरेसे गरम होऊ दिले आणि मामांना अ‍ॅक्सिलरेटर दाबून वेग स्थिर ठेवायला सांगितले. स्वतः ते रेडिएटरकडे न पाहता खाली वाकून खालच्या होज पाइपकडे पाहत राहिले. इंजिनाचा वेग वाढला तसा तो पाइप पिळलेल्या ओल्या चिंधीसारखा चपटा होत गेला, आणि वेग उतरताच पुन्हा गोल झाला. खालच्या टाकीतील गार झालेले पाणी पंप याच पाइपातून ओढून घेतो. त्या ओढीने पाइप आत बसू नये म्हणून त्यात तारेची स्प्रिंग असावी लागते. पूर्वी केव्हातरी पाइप बदलताना ती स्प्रिंग घालायची राहून गेली होती. सपाटीवर त्याचा त्रास जाणवत नसे, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरू लागले की, पाण्याची सर्वांत जास्त गरज असतानाच त्याची वाट बंद होत असे. मिस्त्री मामांना म्हणाले, “पाणी फिरलंच न्हाई तर रेडिएटरनं काय करायचं, दादा?” त्यांनी न गंजणाऱ्या तारेची स्प्रिंग वळून नव्या पाइपात बसवली. वैशाखातल्या भर दुपारी नवरी, मामा, मामी आणि मागे रचलेले सामान घेऊन ती फियाट पसरणीचा घाट एकदाही न थांबता चढून गेली.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी पाण्याची वाट तपासावी आणि नंतर कोअरचा विचार करावा. होज पाइप, पंप, पंख्याचा पट्टा आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, यांची तपासणी आधी व्हायला हवी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवय मला मुळीच मान्य नाही, कारण त्यामुळे इंजिन आवश्यक तेवढे गरम होत नाही आणि त्याची झीज वाढते.

रेडिएटरच्या झाकणाच्या बाबतीतही तेवढीच काळजी घ्यावी. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे आणि तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे 96 अंशांनाच उकळते. झाकणाचा दाब दर चौरस इंचाला एका पौंडाने वाढला, तर हा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. म्हणून कोणी जुन्या गाडीला 15 पौंडांचे झाकण लावतात, पण 4 किंवा 7 पौंडांसाठी बनवलेल्या टाकीचे सांधे त्या दाबाने उकलतात. मूळ गाडीला जितक्या दाबाचे झाकण होते, तितक्याच दाबाचे ठेवावे.

टाकी जुनीच ठेवण्याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर तिचे मूळ रूप टिकलेले असावे लागते, आणि बॉनेट उघडताच सर्वांत आधी दिसणारी पितळी टाकी हा त्या रूपाचाच भाग आहे.

नवा कोअर बसवल्यावर बोअरचे पाणी पुन्हा घालू नये. तांब्या-पितळेला आणि डाखाला चालणारे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. भरताना गाडीचे तोंड चढाकडे करावे, हीटर असल्यास त्याचा कॉक उघडा ठेवावा आणि सावकाश ओतावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना झाकण उघडून पातळी पाहावी, आणि ती उतरली असेल तर पुन्हा भरून मगच गाडी घाटाकडे न्यावी.

नमस्कार.