विहिरीतली युरियाची गोणी

मंडळी, केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या पाणी-गुणवत्ता अहवालात नायट्रेटच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राच्या क्षाराच्या बाबतीत देशातले 15 जिल्हे काळजीचे म्हणून वेगळे काढलेत. त्यातले 7 एकट्या महाराष्ट्राचे आहेत: वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, जळगाव, नांदेड, बीड. म्हणजे आपला कापसाचा पट्टाच म्हणा ना. राज्यातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी 35 टक्क्यांहून जास्त नमुने मर्यादेबाहेर निघाले. पिण्याच्या पाण्यासाठी ही मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाणी खारं आहे हे पहिल्या घोटालाच कळतं. नायट्रेटला मात्र ना चव, ना वास, ना रंग. ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकते, त्यानं जंतू मरतात, नायट्रेट जिथल्या तिथे राहतं. तुरटी फिरवूनही जात नाही. उकळलं तर थोडं वाढतंच, कारण पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यात उरतं. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, ज्याला वरचं दूध या पाण्यात कालवून दिलं जातं. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी 1945 साली अशा बाळांची नोंद छापली, आणि विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

हे विहिरीत येतं कुठून? युरिया ओल्या जमिनीत पडला की त्याचा आधी अमोनियम होतो, मग जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियमचा विद्युतभार धन, आपल्या काळ्या मातीच्या कणांचा ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटचा भारही ऋण. त्याला धरणारं कुणी नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं. पिकानं उचललं तर ठीक, नाहीतर मोठ्या पावसात मुळांच्या खाली. खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. मुरमातून पाणी झपाट्यानं उतरतं. म्हणून अनेक विहिरींत पावसाळ्यानंतर आकडा चढलेला दिसतो.

इथवर ऐकून बरेच अधिकारी शेतकऱ्याकडे वळतात आणि म्हणतात, युरिया कमी करा. माझं त्यांच्याशी इथेच भांडण आहे. गावठाणातली विहीर बघा. पलीकडे गोठा, गोठ्यामागे उकिरडा, दहा-वीस पावलांवर संडासाचा खड्डा. त्या विहिरीत नायट्रेट निघालं तर ते युरियाचं की शेणामुताचं? न तपासता कसं सांगणार? तपासायची पद्धत आहे. नत्राचे अणू दोन वजनांचे असतात, 14 आणि 15. युरिया कारखान्यात हवेतल्या नत्रापासून बनतो, म्हणून त्यातलं दोघांचं प्रमाण हवेसारखंच राहतं. शेणामुतातून अमोनिया उडताना हलका नत्र जास्त उडतो, मागे जड उरतो. प्रयोगशाळेत हे प्रमाण मोजलं की बहुतेक वेळा उलगडा होतो. कधी आकडा मधलाच येतो, तेव्हा गोठा, खड्डा आणि शेत तिन्ही बघावं लागतं. ही तपासणी महाग आहे, प्रत्येक विहिरीची होणार नाही. पण गावठाणातल्या चार आणि शिवारातल्या चार विहिरींची केली, तरी उकिरडा हलवायचा की खताची मात्रा बदलायची हे ठरवायला आधार मिळतो.

आता शिवारातल्या विहिरीचं बोलू. तिथे मी कुणाला पर्यावरणाचं सांगत नाही, हिशोब मांडतो. समजा पाण्यात लिटरला 90 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. त्यात शुद्ध नत्र साधारण 20 मिलिग्रॅम. एकरभर गव्हाला सव्वासहा सेंटिमीटरच्या चार पाळ्या दिल्या, तर एकूण दहा लाख लिटरच्या आसपास पाणी झालं, आणि त्यातून वीस किलो नत्र शेतात गेलं. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत किती नत्र असतं? 46 टक्क्यांनी वीस किलो आणि थोडं वर. म्हणजे एका एकराला एक गोणी विहिरीतूनच येते आहे! सगळंच पिकाला लागू पडणार नाही, हे खरं. पण वरून टाकताना ते धरायचंच नाही, हा कुठला हिशोब? अमेरिकेतल्या नेब्रास्कात प्लॅट नदीच्या खोऱ्यात 1980 च्या दशकापासून शेतकऱ्यांना विहिरीच्या पाण्यातलं नत्र खताच्या मात्रेतून वजा करायला शिकवलं गेलं. तिथला नायट्रेटचा आकडा उतरला, पण फार हळू, वर्षानुवर्षं घेऊन. म्हणून कुणी दोन हंगामांत विहीर स्वच्छ करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मात्रा एकदम कमी करा असंही मी म्हणत नाही. मोठ्या पावसाचा अंदाज असताना युरिया फोकू नका. दोनदा टाकता तिथे तीनदा थोडाथोडा द्या, आणि फोकण्याऐवजी ओळीत पेरून मातीआड करा. हरभऱ्यानंतरच्या पिकाला थोडा हात आखडता घ्या. गोणी 266 रुपयांना मिळते म्हणून जास्तीची पडते, हे मला कळतं. शेजाऱ्याचं पीक हिरवंगार दिसलं की हात आपोआप गोणीकडे जातो. पण नुसत्या हिरवेपणानं कापसाला बोंडं येत नाहीत, रसशोषक किडी मात्र येतात.

राहिलं मोजणं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात ते किट ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे का, एवढं उद्या बघा. बाटलीत पाणी घ्यायचं, पुडीतली पावडर टाकायची, झाकण लावून हलवायचं, सांगितलेली मिनिटं थांबायचं. गुलाबी रंग चढतो. तो छापील पट्टीशी लावून बघायचा, दिवसाच्या उजेडात. बल्बखाली रंग फसवतो. पावडरची मुदत संपलेली असेल तर आकडा खोटा येतो, त्यामुळे पुडीवरची तारीख आधी वाचा. आणि किटमध्ये जास्त निघालं तर त्याच पाण्याचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवा, किटवर विसंबून निकाल लावू नका.

या तपासणीतलं गावच्या बोर्डावर काय लिहायचं, यावरून गावात वाद होतात. जमिनीचा भाव पडेल अशी मालकाला भीती असते, आणि ती अगदीच खोटी नाही. मला विचाराल तर पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक विहिरीचा आणि हापशाचा आकडा बोर्डावर यायलाच हवा, तारखेसकट. शेतातल्या विहिरीचा आकडा मालकाच्या हातात द्यावा, सोबत त्याच्या एकरांचा वरचा हिशोब मांडून.