कुजल्याशिवाय मुळाशी नको

नमस्कार श्रोतेहो. परतीचा पाऊस सरला, भातं कापून झाली, काहींची झोडणीही झाली. आता परसात मिरची-वांग्याची रोपं लावायची घाई होणार. लाल भाजी, मुळा, नवलकोलाचे वाफे तयार होणार. म्हणून आज मी खताबद्दल बोलणार आहे. दुकानातल्या पोत्यातलं खत नव्हे. आपल्या गोठ्यातलं, चुलीतलं, माडाखालचं आणि समुद्रातलं खत.

एक गोष्ट आधी सांगते, आणि तीच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कोकणातल्या मातीला खत द्यायचं ते कुजवून, थोडं थोडं, आणि झाकून. कुजवून. थोडं थोडं. झाकून.

का, ते थोडक्यात सांगते. आपली माती जांभ्याची. तिचा तांबडा रंग लोहाचा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण 3000 मिलिमीटर पाऊस तिच्यावर कोसळतो आणि चुना, पालाश (म्हणजे पोटॅश) असलं सगळं धुऊन ओहोळाला नेतो. मागे उरते ती आंबट माती. त्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, घट्ट धरून ठेवतं, मुळांना सुटू देत नाही. मग खत टिकतं कशाने? तर कुजलेल्या पाल्याने, शेणाने, म्हणजे सेंद्रिय पदार्थाने. तो असेल तर खत टिकेल, नसेल तर पहिल्या मोठ्या सरीला तुमचं खत खाडीत.

आणि ही माती आहेच किती? कातळावर कुठे वीतभर, कुठे हातभर. चिरेखाणीसाठी ती यंत्राने बाजूला लोटून देतात ना, तेव्हा माझा जीव तुटतो. घर बांधायला चिरा लागतो, मान्य आहे. पण खाण सुरू करण्याआधी वरची माती वेगळी काढून शेजारच्या बागेत तरी घाला. तेवढी माती पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. असो, मी खतावर येते.

मला माझ्या आत्याची गोष्ट सांगायची आहे.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी तेव्हा नववीत होते. त्या वर्षी दसऱ्यानंतर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, तारली ही लहान मासळी लागली, आणि अशी लागली की दोन दिवस किनारा नुसता चकाकत होता. पहिल्या दिवशी लोकांनी विकत घेतली, दुसऱ्या दिवशी फुकट न्या म्हणाले, संध्याकाळी तर कोणी फुकटही नेईना. अशा वेळी आमच्याकडे ती मासळी माडांना जाते. बाबा चार टोपल्या भरून घेऊन आले.

माडाला मासळी कशी घालतात ते बघा. बुंध्यापासून चांगलं चार हात लांब गोल चर खणायचा, कारण खाणारी मुळं तिथे असतात, बुंध्याशी नसतात. चरात आधी पातेरा, म्हणजे झाडांचा गळलेला सुका पाला, त्यावर मासळीचा थर, त्यावर चुलीची राख, वर शेण, आणि मग हातभर माती. मातीवर बोरीच्या काटेरी फांद्या आणि दगड, नाहीतर रात्री कुत्री आणि कोल्हे येऊन सगळं उकरतात. तीन टोपल्या अशा संपल्या. चौथी उरली.

परसात माझ्या मिरच्या होत्या. बावीस रोपं. बी मी धरलेलं, रोपं मी वाढवलेली, कळशीने पाणी मी घातलेलं. मला वाटलं, एवढा मोठा माड जर तारलीवर पोसला जातो, तर माझी मिरची का नाही? कोणाला न विचारता, दिवेलागणीच्या आधी, प्रत्येक रोपाच्या मुळाशी चार-चार तारल्या पुरल्या. वर माती दाबली आणि हात धुऊन जेवायला बसले.

तिसऱ्या दिवशी पानं मलूल. पाचव्या दिवशी पिवळी. माती बोटाने उकरली तर आत किडे वळवळत होते, घाण वास, आणि मुळं तपकिरी पडलेली. तीन रोपं तर कुत्र्यांनीच उपटून टाकली. आठवड्याने मोजली तेव्हा बावीसातली पाच उरली होती.

मी पडवीत रडत बसले होते. आत्या आली. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आमच्या घरची सगळी बाग तिच्या हाताखाली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “कच्चा खाल्लंस तर तुकाय बाधतला. झाडाक नाय बाधणार?” मग माझ्या हातात खुरपं दिलं.

प्रत्येक रोपाखालची अर्धवट सडलेली मासळी तिने मला बाहेर काढायला लावली. नाकाला पदर लावून स्वतःही बसली. ती सगळी मासळी गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, नेली. वीतभर पातेरा, मग मासळी, मग शेण, मग मूठ-दोन मूठ जुन्या गायरीची माती. पुन्हा पातेरा. पुन्हा शेण. ढीग कंबरेइतका झाल्यावर माडाच्या झावळ्यांनी झाकला. दर आठ दिवसांनी मी कळशीभर पाणी मारायचं आणि महिन्याने ढीग खालीवर करायचा, हे माझं काम ठरलं. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घातला तर चटका बसावा इतका तापला होता. मला भीती वाटली. आत्या म्हणाली, “तापांदे. रांधता हा.”

शिमग्याच्या आधी तो ढीग उघडला. मासळीचा वास नाही, किडे नाहीत. काळंभोर, भुसभुशीत, आणि वास कसला, तर मृगाच्या पहिल्या सरीनंतर अंगणाला येतो तसा. मधूनमधून पांढरे काटे तेवढे दिसत होते, तेही बोटाने चुरत होते. मी कितीतरी वेळ ते हातात घेऊन हुंगत बसले होते.

ते खत तिने एकदम संपवू दिलं नाही. पोत्याने झाकून मांगरात, बागेतल्या खोपटात, ठेवलं. मृगाला पडवळ, शिराळी आणि काकडीच्या आळ्यांत ओंजळ-ओंजळ घातलं, मग महिन्याने पुन्हा ओंजळ. त्या वर्षी मांडवावर इतकं पडवळ लागलं की सरळ वाढावं म्हणून टोकांना बांधायला मी ओहोळातून फेऱ्या मारून दगड आणले. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटवीला आमच्याच परसातलं पडवळ, आमचीच काकडी, आमचाच चिबूड बांधला होता. आत्या माटवीखाली उभी राहून वर बघत होती, ते मला आजही दिसतं.

तर श्रोतेहो, मासळी वाईट नव्हती. कच्ची होती. कुजताना उष्णता निघते, अमोनिया निघतो, मातीतली हवा संपते. मोठ्या माडाच्या बुंध्यापासून लांब, पातेऱ्याच्या आणि मातीच्या थरात ते चालतं. कोवळ्या रोपाच्या मुळाशी चालत नाही. ताजं शेण, ताजी कोंबडीची विष्ठा, भिजवलेली पेंड, सगळ्यांना हेच लागू. कुजवून. थोडं थोडं. झाकून.

आता या आठवड्यात काय कराल? दोन हात लांब, दोन हात रुंद वाफ्याला अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. रोप लावताना मूठभर निंबोळी किंवा करंज पेंड मातीत मिसळून घ्या. लाकडाची राख पंधरा दिवसांनी चिमूट-चिमूट, खोडाला न लावता. तिच्यात पालाश आहे, चुना आहे, आपल्या आंबट मातीला ती मानवते. फक्त राख आणि ताजं शेण एकत्र कालवू नका, नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेत उडून जातं.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, करणार असाल तर घरापुरतं प्रमाण लिहून घ्या. 10 लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन, आणि वडाखालची मूठभर माती. पुन्हा सांगते: 10 लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन 100-100 ग्रॅम, मूठभर माती. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, दोन-तीन दिवसांनी ओल्या मातीवर घाला. गूळ काळा घ्या. तो पांढरा-पिवळा देखणा गूळ मला देवापुढे ठेवायलाही आवडत नाही.

आणि पातेरा जाळू नका. जानेवारी आला की सकाळी गावभर धूर. अंगण स्वच्छ दिसतं हो, पण त्यातलं नत्र धुरावाटे गेलं आणि जमिनीला उरली नुसती राख. आंब्या-फणसाचा, काजूचा पातेरा एका कोपऱ्यात ओढा, त्यावर शेणकाला शिंपडा. गडग्याच्या कडेने गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या, काठ्या रोवा. त्याचा हिरवा पाला नत्राने भरलेला असतो आणि ढीग लवकर कुजवतो. अर्धवट कुजलेला पातेरासुद्धा रोपांभोवती वर पसरायला चालतो. उन्हाने माती तापत नाही, पाणी कमी लागतं. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पुरलीत, पोकळ बाजू वर करून, तर ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्या बहिणींना एक वेगळं सांगायचं आहे. गायरीला जागा नसेल, चार कुंड्याच असतील, तर घरात मासळी साफ केल्यावर उरलेली डोकी, आतडी फेकू नका. बरणीत जेवढ्या वजनाची मासळी, तेवढाच काळा गूळ घाला. तोंडाला फडकं बांधून सावलीत ठेवा, मधूनमधून ढवळा. तीन-चार आठवड्यांत घाण वास जाऊन आंबूस-गोड वास येऊ लागतो. तो येईपर्यंत थांबा. मग गाळून घ्या आणि एक लिटर पाण्यात फक्त दोन-तीन मिलिलिटर घालून पंधरवड्यातून एकदा मुळाशी द्या. चमचाभर जास्त घालायचा मोह होईल. घालू नका.