बूट ठेवायचा की काढायचा?

सिंड्रेलाची गोष्ट दहा मिनिटांत वाचून होते. तिच्यावरची किशोरवयीन वाचकांसाठीची कादंबरी साठ-सत्तर हजार शब्दांची असू शकते. एवढी मधली जागा भरायची कशानं? झगे आणि झुंबरांच्या वर्णनानं भरली, तर वाचक पुस्तक मिटतो. शेवट त्याला आधीच ठाऊक असतो.

(पडद्यावर: जुन्या आवृत्त्यांमधली चित्रं)

आधी त्याच गोष्टीचे जुने पाठ, म्हणजे वेगवेगळ्या लेखकांनी सांगितलेली रूपं, शेजारी-शेजारी ठेवून वाचायचे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या पुस्तकात लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथंच संपते. शिकारी येऊन लांडग्याचं पोट फाडतो, तो जर्मन लोककथा-संग्राहक ग्रिम बंधूंच्या पाठात. ग्रिम बंधूंनी स्वतःही बदल केले. १८१२मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. तेव्हा ‘मूळ गोष्ट बिघडवली’ या तक्रारीला फारसं बळ नाही.

मग प्रत्येक घटनेपुढे ‘का?’ लिहायचं. सिंड्रेला घर सोडून का जात नाही? सगळ्यांचं मुकाट का ऐकते? गेल कार्सन लेव्हिन यांच्या ‘एला एन्चान्टेड’ (१९९७) या कादंबरीत याचं उत्तर एका वरदानात आहे: नायिकेला मिळालेली प्रत्येक आज्ञा तिला पाळावीच लागते. एवढ्या एका नियमामुळे घरातलं साधं ‘इकडे ये’सुद्धा धोक्याचं होतं, आणि मधली जागा आपोआप भरत जाते.

आता बूट. बुटाचं काम ओळख पटवण्याचं. गोष्ट आजच्या शहरात आणली की फोन येतात, फोटो येतात आणि राजपुत्राचा शोध मिनिटभरात आटोपतो. इथं बरेच मसुदे कोसळतात. उपाय दोन: मेजवानीत मुखवटे सक्तीचे करा, किंवा तिला स्वतःलाच सापडायचं नाही असं ठेवा. दुसरा अवघड, पण सरस. कारण त्यात निर्णय तिच्या हाती येतो. बाराच्या ठोक्याचंही तसंच. उशीर झाल्यावर काय गमवावं लागेल हे आधी पेरलेलं नसेल, तर ते नुसतं घड्याळ राहतं.

सर्वांत अडचणीची झोपलेली राजकन्या. नायिका ऐन गोष्टीत झोपलेली, आणि संमतीशिवाय चुंबन आजच्या वाचकाला खटकतं, खटकायलाच हवं. पण पेरोच्या पाठात चुंबन नाहीच! राजपुत्र तिच्यापाशी गुडघे टेकतो, शापाची मुदत संपते, ती जागी होते. हा धागा उचलून कादंबरी तिच्या जागं होण्यापासूनच सुरू करता येते. शंभर वर्षं जुने कपडे, जुनी भाषा आणि समोर अनोळखी माणूस, एवढं भांडवल पुरेसं आहे.

(पडद्यावर: खाडाखोड केलेलं हस्तलिखित)

नायिकेच्या हाती तलवार दिली की गोष्ट आधुनिक झाली, हा समज फार पसरलाय. तलवार आली तरी तिचे निर्णय दुसरेच घेत असतील, तर बदलला तो फक्त पोशाख. उलट बाजूची चूक खलनायिकेबाबत होते. तिच्या दुःखी बालपणाची इतकी पानं लिहिली जातात, की तिची भीतीच उरत नाही.

शेवटची चाचणी दोन वाचकांवर घ्यायची. जुनी गोष्ट अजिबात माहीत नसलेला कुठं अडखळतो, त्या पानावर खूण करा. ती तोंडपाठ असलेला कुठं पानं भराभर उलटतो, त्या पानांवर दुसरी खूण. पहिल्या खुणेपाशी आधार कमी पडलाय. दुसरीपाशी जुनीच गोष्ट जशीच्या तशी उतरलीय, तिथं कात्री लावायची.