आज ११ तारीख

[स्वयंपाकघर. भिंतीवर कॅलेंडर]
पहाटेचे साडेपाच. अहिल्यानगर. चहाचं आधण ठेवलं की सिस्टर आधी कॅलेंडर बघतात. नर्सची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण गल्लीत त्या अजून सिस्टरच. आज ११ तारीख, म्हणजे बायबलमधलं अकरावं स्तोत्र. मग तीस-तीस मिळवत जायचं: ४१, ७१, १०१, १३१. स्तोत्रसंहितेत स्तोत्रं दीडशे. रोज पाच वाचली की महिन्यात पूर्ण. ११९वं तेवढं १७६ वचनांचं, ते ३१ तारखेला. आणि महिना तीसचा असला तर? “मग जमेल तेवढं,” सिस्टर हसतात.

[वही, जवळून]
दोनशे पानी वही. डावीकडे स्तोत्राचा आकडा, उजवीकडे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं. ४१व्यासमोर आजारी माणसं. या स्तोत्रात देव आजाऱ्याचं अंथरूण बदलतो. पेशंटला कुशीवर वळवून खालची चादर कशी काढायची, ते सिस्टर हातानेच दाखवतात. मग नावावर बोट ठेवून, ‘तो’च्या जागी ते नाव घालून वचन वाचतात. मोठ्याने.

७१वं म्हातारपणाचं. शक्ती सरली तरी मला टाकू नकोस, असं मागणारं. तिथे पहिलं नाव शेजारच्या आजोबांचं. नळाच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. “आपल्या मनावर असतं तर घेतलं नसतं. तारीख आली की घ्यावंच लागतं.”

[केडगाव. मुक्ती मिशनचा परिसर]
दौंड तालुक्यातल्या या केडगावात पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभारलं. इथेच त्या बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक, शिकल्या, आणि अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. सिस्टरच्या हातातली प्रत वेगळ्या भाषांतराची आहे, पुठ्ठ्याला प्लास्टिक घातलेली.

[पुन्हा स्वयंपाकघर]
शेवटी १३१वं. तीनच वचनं. दूध तुटलेलं बाळ आईजवळ निवांत आहे, तसा माझा जीव. समोर नातवाचं नाव. तो पुण्यात नोकरी शोधतोय.

वहीतले काही बरे झाले, काही गेले. गेलेल्यांची नावं खोडलेली नाहीत.

[चहा उतू जातो. सिस्टर गॅस बंद करतात, परत येऊन बसतात]
एक नाव राहिलंय.