गीझरच्या पोटातला चुना

नमस्कार श्रोतेहो.

गेली 22 वर्षं मी सोलापुरात गीझर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय. जुळे सोलापुरात एका मावशींच्या घरी मी तीन वर्षांत तीनदा गीझरचा एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी आतली कांडी, बदलला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मिस्त्री, दर दिवाळीला तुमची फेरी ठरलेलीच. वस्तूच खराब आहे, का आमचं काही चुकतंय?" मी खालच्या झाकणाचे नट काढून टाकीत हात घातला. दोन तांबे भरतील एवढ्या पांढऱ्या खपल्या निघाल्या. मला फार वाईट वाटलं. तीनदा पैसे घेतले, पण घरातल्या टाकीत पाणी कुठलं पडतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आपल्या शहराला पाणी येतं उजनीचं, टाकळीहून भीमेचं आणि हिप्परग्याच्या तलावाचं. पण ते रोज येत नाही. मधले दिवस भागवायला बोअर. आणि बहुतेक घरांत दोन्ही पाणी एकाच हौदात पडतं, तिथून एकाच टाकीत चढतं. नदीच्या पाण्यातही थोडे क्षार असतातच. बोअरचं पाणी मात्र काळ्या खडकाच्या फटींत आणि चुनखडी असलेल्या मातीत बराच काळ मुरलेलं असतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेऊनच ते वर येतं. पुस्तकात त्याला कठीण पाणी म्हणतात, आपण जड पाणी म्हणतो.

हे घरातल्या बायकांना माझ्या आधीपासून ठाऊक आहे. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेते तरी कणी राहते, म्हणून डाळीला आणि चहाला नळाच्या पाण्याची कळशी वेगळी भरून ठेवलेली असते. मग डाळीला जे पाणी चालत नाही, ते हजारोंच्या गीझरला कसं चालावं?

साधा हिशेब बघा. लिटरमागे 300 मिलिग्रॅम कठीणपणा, म्हणजे चुन्याच्या हिशेबात मोजलेले हे क्षार, धरू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतं, म्हणजे 300 काही जगावेगळं नाही. घरात रोज 100 लिटर पाणी तापलं तर त्यातून रोज 30 ग्रॅम चुना गीझरमधून जातो. वर्षाला जवळजवळ 11 किलो! सगळा बसत नाही, बराचसा पाण्याबरोबर निघून जातो. पण दहावा हिस्सा बसला तरी किलोभर झाला. पाणी जितकं कडकडीत, तितका चुना पाण्यातून जास्त वेगळा होऊन बसतो. तो एलिमेंटवर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत तापतो आणि एक दिवस जळतो. त्याआधी गीझर सांगत असतो. पाणी तापायला वेळ लागतो, आतून तडतड, खदखद ऐकू येते. तेव्हाच मिस्त्रीला बोलवा. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरलेलं तापलं की वीज बंद करणारा भाग, 50-55 अंशांवर ठेवा. आंघोळीला तेवढं पुष्कळ होतं.

आता एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. गीझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की तो पाणी सोडतो. चुन्याने तो गच्च बसला आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट बिघडला, तर टाकी फुटू शकते. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून त्याला बूच मारलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. असं कधीही करू नका. ठिबकत असेल तर तपासून घ्या, गरज पडल्यास बदला, आणि वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, संपला की गंज टाकीला धरतो.

वॉशिंग मशीनचं दुखणं वेगळं. पाणी आत येतं तिथल्या जाळीत चुना अडकतो, आणि मशीन पाणीच घेत नाही. जड पाण्यात पावडरही जास्त लागते, तरी कपडे ताठ आणि मळकट निघतात. जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवली की मोकळी होते. ड्रम आणि हीटरसाठी मशीनचं पुस्तक बघून, किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व घालून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा. आपल्या आज्या तांब्याचा बंब चिंचेने घासायच्या ना, तेच हे. आंबट लागलं की चुना फेसाळून सुटतो. फक्त लिंबूसत्त्वात किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि संडास साफ करायचं ॲसिड कुठल्याही मशीनमध्ये ओतू नका.

उन्हाळ्यात कूलरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. डासही होत नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर.

कुणी फिल्टर विकायला दारात येऊन पाण्यात लोखंडी कांड्या बुडवून, वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवतं, त्याला घाबरू नका. तो रंग बराचसा त्या कांड्यांच्या लोखंडाचा असतो. टीडीएस मीटरही एकूण क्षार सांगतो, कठीणपणा वेगळा सांगत नाही. तो पाण्याच्या प्रयोगशाळेतच नीट कळतो. निव्वळ कठीणपणाने आरोग्याला धोका आहे असं धरून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला कुठलीही मर्यादा घातलेली नाही. माझी काळजी तुमच्या यंत्रांची आहे.

त्या मावशींच्या घरी आम्ही एक छोटी वेगळी टाकी बसवली, फक्त नळाच्या पाण्याची. तिची लाइन गीझरला, मशीनला आणि स्वयंपाकघराला. संडास, अंगण आणि फरशीला बोअर. दोन्ही कॉकना मावशींनी स्वतः रंगीत चिंध्या बांधल्यात, निळी नळाची, लाल बोअरची. त्यानंतरच्या दोन दिवाळ्यांना मी त्यांच्याकडे गेलो तो फराळाला.