मृग लागायच्या आत

(फोंड्यात छोट्या व्यावसायिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

भगिनींनो आणि मित्रांनो, समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त मंडळी लोणची, मसाले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), शिवणकाम यांतली आहेत. धंदा म्हणजे काय हे तुम्हाला सांगण्यात मी वेळ घालवत नाही. बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली, आता लोकांचे हिशेब बघून देतो. बुडालेले धंदे मी पुष्कळ पाहिले. पण मला खरी हळहळ वाटते ती सुरूच न झालेल्या धंद्यांची. हाताला चव आहे, कर्ज मंजूर आहे, आणि पहिली बाटलीच विकली गेली नाही! असं का होतं, आणि त्यावर करायचं काय, हे आज सांगायचं आहे.

आधी एक हकिगत ऐका. बोरीकडची एक वहिनी. तिच्या हातचं आगळ तुम्ही चाखायलाच हवं. मुद्रा योजनेतून शिशू कर्ज घेतलं. 2015 साली ही योजना आली, तिच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण मिळतात. अन्नपदार्थांची नोंदणीही तिनं वेळेत केली. कागदपत्रांत बोट ठेवायला जागा नव्हती.

मग अडलं कुठं? बाटलीवर. काचेची बाटली हवी, झाकण सोनेरी हवं, आणि लेबलाचा लाल रंग आगळाच्या लाल रंगाशी जुळायला हवा. छापखान्यातून नमुना आला की ती तो खिडकीशी नेऊन बाटलीला लावून बघायची. कधी गुलाबीकडे झुकला, कधी विटकरी दिसला. नमुना परत. इकडे एप्रिल संपला, मे लागला. भिंडांचा, म्हणजे ताज्या कोकमांचा, हंगाम कुणाच्या छापखान्यासाठी थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ताज्या साली मिठात घालून रस काढायचा, सोलांसाठी, म्हणजे वाळवलेल्या कोकमांसाठी, त्या साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायच्या, हे सगळं मृग लागायच्या आत. एक वळीव आला तर अंगणातली सोलं उचलायला घरातली सगळी माणसं धावतात.

आता तिची सासू बघा. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे, दिवस, घरात माल पडून, म्हणून म्हातारीनं दोन पिशव्या सोलं उचलली आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन बसली. "बाये, कशें दिलें?" म्हणत गिऱ्हाईक आलं. कुणी सोल दाताखाली धरून पाहिलं, कुणी मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं. किनाऱ्याकडे खानावळ चालवणाऱ्या एकानं विचारलं, आगळ पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळेल का? संध्याकाळी म्हातारी रिकाम्या पिशव्या आणि ही खबर घेऊन घरी आली. त्या खानावळवाल्याला लेबल कुठल्या रंगाचं आहे याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला मीठ कमी हवं होतं आणि माल दर आठवड्याला वेळेवर हवा होता. ज्या गिऱ्हाइकाच्या शोधात वहिनी वर्षभर नमुने बघत बसली, ते सासूला एका सकाळीत भेटलं. पुढच्या हंगामात वहिनीनं कॅननंच सुरुवात केली. बाटली नंतर आली, साध्या झाकणाची.

इथं माझी एक तक्रार आहे आणि ती मी मोठ्यानं करणार. या वहिनीला बाटलीच्या नादाला लावलं कुणी? एका प्रशिक्षण वर्गानं. नाव घेत नाही. परदेशी कंपन्यांची चित्रं पडद्यावर दाखवून सांगितलं की आधी ब्रँड घडवा. एकाही तज्ज्ञानं विचारलं नाही की बाई, तुमचं आगळ कुठं आहे, जरा चाखू द्या. लिटरला खर्च किती येतो, मीठ किती घालता, उधारी किती दिवस झेपेल, यावर चकार शब्द नाही. घर सांभाळून, सोनं गहाण ठेवून धंद्यात उतरणाऱ्या बाईला तुम्ही पहिल्या दिवशी रंगसंगती शिकवता? मला याचा राग येतो, अजूनही येतो.

आणि शिकायला लांब कशाला जायचं? चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवसांतला माटोळीचा बाजार बघा. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात, ती माटोळी. सत्तरीच्या रानातून बायका येतात, रस्त्याकडेला पोतं अंथरतात. कांगलां, तोरिंग, चिबूड, नीरफणस, सुपारीचे घोस, जे मिळालं ते मांडतात. एखादं तोरिंग डागाळलेलं असतं, ते बाजूला ठेवून कमी भावात देतात. चवथीची तारीख पंचांगात ठरलेली असते, त्यामुळे 'अजून थोडं नीट करू' म्हणायला वावच नसतो. जत्रेत खाजं हा गोड खाऊ विकणाऱ्या खाजेकारांचंही तेच. देव पालखीत बसायच्या वेळी खाजं तयार हवं, म्हणजे हवंच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत म्हणे. मग मुद्द्यावर येतो.

नीटनेटकेपणाच्या या हट्टामागे बहुतेक वेळा भीती असते. आपला गोवा लहान. वाड्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात. माल खपला नाही तर परत आणलेली पिशवी शेजारीण बघते, आणि देवळात विचारते. ही भीती खरी आहे, तिला हसू नका. म्हणून माझा सल्ला: पहिली विक्री आपल्या वाड्यात करू नका. फोंड्याचे असाल तर म्हापशाला जा, डिचोलीचे असाल तर मडगावला. अनोळखी गिऱ्हाईक खरं बोलतं, आणि त्याच्या नकाराची चर्चा तुमच्या घरापर्यंत पोचत नाही.

दुसरं, कुठं हट्ट धरायचा ते ठरवा. स्वच्छता, वजन, आणि दिलेली तारीख यांत पहिल्या दिवसापासून तडजोड नको. पाकिटावर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक आणि पत्ता हवाच, तो कायदा आहे. पण लोगो, खोकं, वेबसाइट, दहा प्रकारची लोणची हे सगळं विक्रीच्या पैशातून येऊ दे. कर्जाच्या पैशातून नको. माल विकला नाही म्हणून हप्ता थांबत नाही, हे मी काउंटरच्या पलीकडे बसून पाहिलंय.

तिसरं, तारीख आधी ठरवा, माल मागाहून. ती तारीख अशी निवडा की तुम्हाला पुढं ढकलता येणार नाही: गावची जत्रा, पुरुमेंत, चवथ. आणि त्या दिवशी थोडाच माल न्या, उरला तर घरात खपेल इतका. सोबत वही न्या. कोण काय म्हणालं ते तिथल्या तिथं लिहा, कारण घरी येईपर्यंत आपण फक्त कौतुकच लक्षात ठेवतो.

भाव कसा लावायचा हे राहिलं. आपल्या मजुरीचे पैसे बायका धरतच नाहीत, त्यावर खरं तर तासभर बोलायला हवं. ज्यांना आज हिशेब घालून हवाय त्यांनी चहाच्या वेळी मागच्या टेबलापाशी या. येताना तेलाची, मिठाची, गॅसची बिलं असतील तेवढी घेऊन या. बिलं नसतील तर आठवतील ते आकडे सांगा, तिथंच बसून मांडू.